लहान गाडीला मोठे काळीज कशाला?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कलाशाखेच्या वार्षिक अंकात कविता हवी, प्रवासवर्णन हवे, फार तर एखादा निवडणुकीवरचा जळजळीत लेख हवा. तेथे मोटारीच्या इंजिनाने काय म्हणून यावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्यांना माझी विनंती एवढीच, की पान उलटण्यापूर्वी थोडे थांबावे. जुन्या गाडीत कोणते इंजिन बसवावे हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीचा आहे. पण त्यात मर्यादित पैशाची वाटणी आहे, म्हणजे अर्थशास्त्र आले. रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव आहे, म्हणजे नीतिशास्त्र आले. कायदा आहे, आणि एका गोष्टीतून दुसरी गोष्ट निघत जाण्याचे तर्कशास्त्र तर पदोपदी आहे. आम्ही वर्गात जे शिकतो ते गॅरेजच्या दारात उपयोगी पडत नसेल, तर ते शिकून काय मिळवले?

विषय निघाला तो आपल्याच वाहनतळावरच्या गप्पांतून. पंधरा-वीस वर्षे वापरलेली मारुती ८०० आज एखाद्या चांगल्या दुचाकीपेक्षाही स्वस्त मिळते. ती घ्यायची, आणि तिच्यात झेनचे किंवा एस्टीमचे इंजिन टाकायचे, अशी स्वप्ने आमच्यातले काही मित्र पाहत असतात. ‘बाहेरून ८००, आतून वाघ’ हे त्यांचे आवडते वाक्य. वाक्य झकास आहे. पण वाघ पाळायचा तर पिंजरा कसला हवा, याची चर्चा मात्र मी कधी ऐकली नाही. ती करावी, म्हणून हा लेख.

प्रथम गाडीविषयी. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तिच्या मालकाला मिळाली, आणि जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाने मोटार म्हणजे काय हे हिच्याचकडून शिकून घेतले. पुढे आडवे बसवलेले ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, अश्वशक्ती जेमतेम ३७ च्या आसपास, गाडीचे वजन सुमारे ६५० किलो, आणि चाके अवघी बारा इंचांची. ही सगळी माणसे एकाच घरातली आहेत, हे लक्षात ठेवावे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, चाके, रेडिएटर यांची आपापसात सोयरीक जुळवूनच कारखान्याने त्यांना एकत्र नांदायला लावलेले असते.

हा विषय माझ्या दृष्टीने केवळ चर्चेचा नाही. आमच्या घरी अशीच एक ८०० आहे. वडिलांचा किराणा मालाचा छोटा व्यवसाय तिच्यावर चालतो. आठवड्यातून दोनदा ती घाट उतरून बाजारपेठेत जाते आणि मागची सीट काढून भरलेल्या डाळी-साबणांच्या खोक्यांसह वर चढते. गेल्या पावसाळ्यापासून ती चढावर दम टाकू लागली, निळा धूर सोडू लागली. माझ्या मामेभावाचे गॅरेज आहे. ‘काका, हे इंजिन आता खोलू नका, झेनचे टाकून देतो, घाट खेळत चढेल,’ असे त्याने वडिलांना सांगितले आहे. त्याच्या हातात कसब आहे आणि मनात आपुलकी आहे, यात मला शंका नाही. परंतु त्याने सांगितलेला खर्च आणि जुनेच इंजिन नीट करून घेण्याचा खर्च यांतला फरक माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्षाच्या वसतिगृह-शुल्काएवढा आहे. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. मी या प्रश्नात नकाराच्या बाजूने उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना माझे म्हणणे त्या हिशेबाने पारखता येईल.

इंजिन बदलायचे की नाही हे ठरवण्याआधी एक पायरी आहे आणि तिच्यावरून बहुतेक जण उडी मारतात. ती पायरी म्हणजे निदान. ताप आला म्हणून कोणी काळीज बदलत नाही. गाडीला ओढ नसण्याची कारणे अनेक असतात. क्लचप्लेट घसरत असेल, कार्ब्युरेटर किंवा फिल्टर चोंदला असेल, टायमिंग चुकले असेल, ब्रेक धरून राहत असतील. धूरसुद्धा बोलतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर पाणी आत शिरते आहे, बहुधा हेड गॅस्केट गेले आहे. याहून खात्रीची परीक्षा कॉम्प्रेशनची. प्रत्येक सिलिंडरचा प्लग काढून तेथे दाबमापक लावायचा आणि स्टार्टर फिरवायचा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. या परीक्षेला फारसा वेळही लागत नाही, आणि तिचा निकाल हाती नसताना इंजिनाच्या निवडीवर बोलणे म्हणजे उत्तरपत्रिका न तपासता गुण देणे होय.

समजा, निदान झाले आणि इंजिन खरोखरच झिजलेले निघाले. मग पुढे वाटा किती? पहिली वाट तेच इंजिन उघडून बोअर करण्याची. या इंजिनाचा बोअर ६८.५ मिलिमीटरचा. तो पाव किंवा अर्धा मिलिमीटर वाढवून त्या मापाचे पिस्टन व रिंगा घालायच्या, क्रँकची बेअरिंगे पाहायची, हेडचे काम करायचे. दुसरी वाट त्याच जातीचे, चांगल्या स्थितीतले दुसरे इंजिन पावतीसह आणून बसवण्याची. तिसरी वाट त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीची. मारुतीने २००० च्या सुमारास याच ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांवर प्रत्येकी चार व्हॉल्व्ह बसवले, इंधन फवारणी दिली आणि सुमारे ४५ अश्वशक्ती काढली. तेच इंजिन ऑल्टोमध्येही आले. चौथी वाट झेनच्या ९९३ सीसीच्या चार सिलिंडरांची, अश्वशक्ती सुमारे ५०. पाचवी एस्टीमच्या १२९८ सीसीच्या इंजिनाची, जे फवारणीसह ८५ अश्वशक्ती देत असे. शेवटच्या दोघांचे गोत्र ८०० च्या इंजिनाहून निराळे आहे, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आता मित्र म्हणतील, ‘मग पाचवीच वाट उत्तम! ३७ च्या जागी ८५!’ येथेच तर्कशास्त्राचा तास सुरू होतो. इंजिन आडवे बसलेले असल्यामुळे चौथा सिलिंडर आला की तो बाजूला जागा मागतो. जागा केली की माउंटिंग बदलावे लागते. त्या इंजिनाला जुना गिअरबॉक्स बसत नाही, आणि बसवलाच तर दुप्पट जोर त्याला सोसत नाही. म्हणून गिअरबॉक्स बदलावा लागतो. गिअरबॉक्स बदलला की अ‍ॅक्सल जुळवावे लागतात. जास्त शक्ती म्हणजे जास्त उष्णता. पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग थंड करणाऱ्या पाण्यातून बाहेर पडतो. तेव्हा रेडिएटर मोठा हवा. फवारणीचे इंजिन असेल तर त्याचा संगणक, त्याचे संवेदक, सगळे वायरिंग त्याच्यासोबत यायला हवे, पेट्रोलचा पंपही दुसरा हवा. म्हणजे आपण इंजिन निवडतो आहोत असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात आपण अर्धी गाडी निवडत असतो. पाहुण्याला एक दिवस बोलवावे आणि त्याने सहकुटुंब बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार.

आणि इतके सगळे करूनही सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहतेच. ती म्हणजे थांबणे. चालत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आम्ही शाळेत पाठ केले होते. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी आणि ताशी १२० ने जाणारी तीच गाडी यांत वेगाचा फरक दीडपट. पण ब्रेकना जी ऊर्जा जिरवायची ती सव्वादोन पट. बारा इंची चाकात मावणाऱ्या ब्रेकने, अरुंद टायरांनी आणि ६५० किलोच्या पत्र्याने हा सव्वादोन पटीचा हिशेब चुकता करायचा. तो चुकला तर भरपाई कोण करतो? कधी चालक, कधी शेजारी बसलेला मित्र, आणि कधी रस्ता ओलांडणारे कोणीतरी, ज्याला आपल्या गाडीत कोणते इंजिन आहे हे ठाऊकही नसते. मोठ्या इंजिनाचा निर्णय हा केवळ मालकाचा खाजगी शौक राहत नाही, तो येथे.

कोणी म्हणेल, लहान गाडीत मोठे इंजिन घालून जगात नाव कमावल्याची उदाहरणे आहेत की! आहेत, आणि ती जरूर पाहावीत. ब्रिटनची मिनी १९५९ साली ८४८ सीसी व ३४ अश्वशक्ती घेऊन आली. १९६१ मध्ये मिनी कूपर निघाली तेव्हा इंजिन ९९७ सीसीचे व ५५ अश्वशक्तीचे झाले. पण त्याच गाडीला पुढे डिस्क ब्रेकही दिले गेले. जर्मनीच्या फोक्सवॅगन गोल्फची जीटीआय आवृत्ती १९७६ साली बाजारात आली, तेव्हा ११० अश्वशक्तीच्या इंजिनाबरोबर हवा खेळणारे डिस्क ब्रेक, रुंद टायर आणि अधिक ताठ स्प्रिंगा आल्या. ज्यांनी हे काम नावारूपाला आणले त्यांनी इंजिन एकटे कधी बदलले नाही, हाच या उदाहरणांचा धडा आहे.

उलट्या बाजूची उदाहरणे तर आपल्याच देशात आहेत. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली काँटेसा काढली. व्हॉक्सहॉलची ऐसपैस, देखणी काया, आणि आत ॲम्बॅसॅडरचे १४८९ सीसीचे इंजिन. दिसायला सरदार, चालायला कारकून अशी तिची गत झाली. पुढे इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले तेव्हा तिच्यात जीव आला. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये त्याहून मोठे धाडस केले. ब्रिटनमध्ये १९७६ साली साडेतीन लिटरच्या आठ सिलिंडरांसह अवतरलेल्या रोव्हरच्या देहात त्यांनी जुन्या व्हॅनगार्डच्या घराण्यातले दोन लिटरचे इंजिन बसवले. गाडी जड, इंजिन वयस्क, पेट्रोलचा खर्च भारी. तीन-चार वर्षांतच स्टँडर्ड २००० चे उत्पादन बंद पडले. येथे इंजिन गाडीला लहान पडले होते, आमच्या मित्रांच्या स्वप्नात ते मोठे होते. पण दोष एकच. जोडी जमली नाही. जेथे अभियंत्यांची फौज आणि चाचणीची सोय असलेल्या कारखान्यांचा अंदाज चुकला, तेथे रविवारच्या सुट्टीत आणि उसन्या पान्यांवर तो बरोबर येईल, असे मानणे धाडसाचे आहे.

आता कायद्याकडे वळू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसवणे ही गोष्ट वेगळी. परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन, खरेदीची पावती दाखवून नवा इंजिन क्रमांक नोंदीत चढवून घेता येतो. जुन्या बाजारातून विनापावती आणलेले इंजिन मात्र कितीही टकाटक असले तरी घेऊ नये. ते कोणत्या गाडीतून, कोणत्या रात्री निघाले, हे आपल्याला सांगता येत नाही, आणि विचारायला येतील ते पोलीस असतील. शिवाय अपघात झालाच तर नोंदीत एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरे, अशा गाडीचा विम्याचा दावा अडकण्याची धास्ती आहेच.

‘मग कायद्याने नावीन्याची वाट अगदीच बंद केली म्हणायची का?’ असे कोणी विचारील. तसे नाही. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवायला हेच कलम ५२ मोकळीक देते. सीएनजी त्यात येते, वीजही येते. पुण्यातली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, अशा संचांची चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. ८०० च्या बाबतीत हिशेब असा, की सीएनजीची टाकी मागची जागा खाते आणि विजेच्या संचाची किंमत जुन्या गाडीच्या बाजारभावाच्या कितीतरी पट होते. ज्याला शहरातल्या शहरात फिरायचे आहे आणि गाडीवर ज्याचे मन जडले आहे, त्याने हा विचार अवश्य करावा. खोकी भरून घाट चढणाऱ्या माणसाला तो आज परवडणारा नाही.

विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे मात्र मला वजनदार वाटतात, आणि त्यांना उत्तर न देता पुढे जाणे बरे नव्हे. पहिला मुद्दा असा की, रस्ते बदलले आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० आणि समृद्धी महामार्गावर १२० किलोमीटरची मर्यादा आहे; तेथे ३७ अश्वशक्तीची गाडी स्वतःच अडथळा होते, ओव्हरटेक करताना धोका होते. हे खरे आहे. पण याचे उत्तर ती गाडी त्या रस्त्याला न नेणे, किंवा नेलीच तर डाव्या मार्गिकेत राहणे हे आहे. बैलगाडीला रूळ मानवत नाहीत म्हणून तिला वाफेचे इंजिन कोणी जोडत नाही. दुसरा मुद्दा हौसेचा आणि शिकण्याचा. स्वतःच्या हाताने इंजिन उतरवणे, बसवणे, ते सुरू झाल्याचा पहिला आवाज ऐकणे, यातला आनंद पुस्तकी नाही आणि मी त्याला कमी लेखत नाही. ज्यांना तो हवा त्यांच्यासाठी मोटारशर्यतीचे क्षेत्र आहे. तेथे बंदिस्त मार्ग असतो, पिंजऱ्यासारखी मजबूत चौकट असते, शिरस्त्राण असते, तपासनीस असतात आणि समोर शाळेतून घरी जाणारी मुले नसतात. हौसेची जागा तेथे. आणि शिकायचेच असेल तर झिजलेले इंजिन उघडून, मोजून, पुन्हा नव्यासारखे चालवून दाखवण्यात जे शिक्षण आहे, ते दुसऱ्याचे तयार इंजिन आणून टांगण्यात आहे असे मला वाटत नाही.

तेव्हा निवड कशी करावी? माझे मत थोडक्यात असे. आधी निदान करावे. इंजिनाचा ब्लॉक शाबूत असेल तर तेच बोअर करून घ्यावे. ब्लॉकच फुटला किंवा बोअर करण्यापलीकडे गेला असेल तर त्याच जातीचे इंजिन पावतीसह आणावे व त्याची नोंद करून घ्यावी. चार व्हॉल्व्हच्या आवृत्तीचा मोह पडला तर ती ‘त्याच प्रकारची’ धरली जाईल का, हे परिवहन कार्यालयाला आधी लेखी विचारावे आणि उत्तर आल्यावरच पान्याला हात लावावा. फवारणीच्या गाडीत कार्ब्युरेटरचे जुने इंजिन घालून मागे जाऊ नये; त्यात प्रदूषण वाढते. आणि जो पैसा मोठ्या इंजिनावर जायचा होता त्यातला काही ब्रेक, टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर व सीटबेल्ट यांवर खर्चावा. तेवढ्याने गाडी वेगवान होणार नाही. घाटातून खाली येताना ती हातात राहील. माझ्या वडिलांना गाडीकडून एवढेच हवे आहे, आणि मामेभावालाही मी हेच सांगितले आहे. इंजिन बोअर करण्याचे काम त्याच्याच हातून व्हावे, ही माझी इच्छाही त्याला कळवली आहे.

२०२१ साली केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी तपासणी करून पुन्हा करून घ्यावी लागते. एका बाजूने ‘मोडीत काढा’ असा दबाव आणि दुसऱ्या बाजूने ‘वाघ करा’ असा मोह, या दोहोंच्या मध्ये दुरुस्ती नावाची एक शहाणी, गरीब वाट आहे. आपल्या वाडवडिलांनी ती कधी सोडली नव्हती. गोधडीला ठिगळ लावताना ते कापडाचा पोत पाहत, रंग पाहत, वीण पाहत. भरजरी तुकडा हाताशी आहे म्हणून तो सुती गोधडीला लावत नसत, कारण नव्या कापडाच्या ताणाने जुने फाटते हे त्यांना ठाऊक होते. मित्रहो, बॉनेट उघडताना एवढे शहाणपण आपण बरोबर नेले तरी पुरे. ज्या गाडीने तीस वर्षे एका अख्ख्या वर्गाला चालायला शिकवले, तिला तिच्या ऐपतीएवढेच काळीज द्यावे, आणि ते नीट धडधडेल एवढी काळजी घ्यावी.